वरचे चार

नववीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात ३१ मार्क पडले. प्रगतिपुस्तकात निळ्या शाईत ३१, त्याला चिकटून लाल शाईत ‘+४’, पुढे ३५, आणि शेजारी सरांची कोंबडीच्या पायासारखी सही. वर्गात याला ‘ग्रेसने पास’ म्हणायचे. घराबाहेर पडलं की त्याचंच ‘ढकलला’ व्हायचं. नापास झालेल्या मुलाला निदान सहानुभूती मिळते. ग्रेसवाल्याला पेढे वाटता येत नाहीत, रडताही येत नाही.

आम्ही तेव्हा सावंतवाडीत राहायचो. आजीने ‘ग्रेस’ हा शब्द ऐकला आणि तिला वाटलं, सायकलच्या चेनला लावतात ते ग्रीस. ‘ग्रीस लावल्याशिवाय चाक फिरता काय?’ असं म्हणून तिने विषय मिटवला. पुढे शब्दकोश बरेच चाळले, पण इतक्या कामाचा अर्थ कुठे सापडला नाही.

बाबांकडे मात्र हा शब्द आधीपासून होता. ते आयुर्विम्याचे एजंट. आमच्या जेवणात आमटी-भाताइतकेच लॅप्स, सरेंडर, नॉमिनी आणि ग्रेस हे शब्द असायचे. हप्ता वर्षाचा, सहामाही किंवा तिमाही असेल तर तारीख उलटल्यावर ३० दिवस, महिन्याचा असेल तर १५ दिवस. हा ग्रेस पिरियड. एवढ्या दिवसांत हप्ता भरला की दंड नाही, व्याज नाही, आणि या दिवसांत माणूस गेला तरी विम्याची रक्कम मिळते. राहिलेला हप्ता फक्त त्यातून वळता करून घेतात. चितारआळीतले लाकडी खेळणी रंगवणारे एक गृहस्थ असेच तारीख उलटल्यावर सव्विसाव्या दिवशी गेले. घरच्यांनी पॉलिसी बुडाली असं धरून कागद ट्रंकेच्या तळाशी टाकून दिला होता. बाबा दहाव्याला गेले आणि हळूच म्हणाले, ‘माणूस गेला, पण पॉलिसी अजून जिवंत आहे.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर इतक्यांदा ऐकलं की त्याची भीती वाटेनाशी झाली.

तर त्या दिवशी बाबांनी प्रगतिपुस्तक पाहिलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, ‘ग्रेस म्हणजे माफी नव्हे. मुदत. हप्ता भरायचा राहिलाच आहे.’ मारलं नाही, हे विशेष.

हा शब्द मुळात देवळातला, म्हणजे चर्चमधला आहे, हे मला कॉलेजात कळलं. कळलं म्हणजे इंग्रजीच्या तासाला कुणीतरी वाचून दाखवलं. खरं तर ते शेजारच्या घरातून रोज संध्याकाळी माझ्या कानावर पडत होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून एक गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब राहायचं. दिवेलागणीला आमच्याकडे शुभं करोति आणि त्यांच्याकडे कोकणीतून रोजरी. ‘नमान मोरिये, कुर्पेन भरलेले...’ हे मला पाठ झालं होतं. अर्थ विचारायची गरज वाटली नव्हती. कुर्पा म्हणजे कृपा. कृपेने भरलेली मारिया. इंग्रजीत त्या जागी जो शब्द येतो तो ग्रेस. म्हणजे माझ्या प्रगतिपुस्तकातले लाल शाईतले चार मार्क आणि शेजारच्या मावशीच्या जपमाळेतली मारिया, दोघांच्या अंगावर एकच शब्द होता!

लॅटिन ‘ग्रातिया’पासून तो आला. आवडणं, मर्जी, उपकार, आभार, देखणेपण, हे सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं वैदिक संस्कृतातल्या ‘गूर्त’शी, म्हणजे स्तुती झालेलं, आवडतं, या शब्दाशी लावतात, मागे ‘गृणाति’, स्तुती गातो. फार लांबचे चुलत भाऊ, पण एका घरातले. या ग्रातियाची पोरंबाळं इंग्रजीभर पसरली. फुकट ते ‘ग्रॅटिस’. उपकाराची जाण म्हणजे ‘ग्रॅटिट्यूड’. अभिनंदनाचा ‘काँग्रॅच्युलेशन’. इटालियन माणूस ‘ग्रात्सिए’ म्हणतो आणि स्पॅनिश ‘ग्रासियास’, तेव्हा ते आपल्या आभारात हीच कृपा परत करत असतात. जेवणाआधीच्या प्रार्थनेला इंग्रजीत ग्रेस म्हणतात तेही इथूनच. आभार मानणं आणि कृपा, दोन्हीला तोंड एकच. शेजारच्या मावशीला दळण आणून दिलं की ती ‘देव बरें करूं’ म्हणायची. कोकणीत थँक्यू म्हणायची हीच रीत. मी काहीतरी दिलंय आणि ती माझा हिशोब देवाकडे वळता करतेय, हे तेव्हा लक्षात यायचं नाही. मला तिच्याकडचा बोल, म्हणजे केकसारखा गोड पदार्थ, असला तर हवा असायचा.

ख्रिस्ती धर्मात या शब्दावरून जेवढी भांडणं झाली तेवढी फार थोड्या शब्दांवरून झाली असतील. मुद्दा एकच. देवाची कृपा माणूस कमावतो की देव ती देतो? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा ब्रिटनमधून आलेला एक साधक म्हणत होता की माणसाने मनावर घेतलं तर तो नीट वागू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन त्याच्यावर तुटून पडला. माणसाच्या हातात काही नाही, जे आहे ते कृपेने, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसच्या मताला चूक ठरवलं. अकराशे वर्षांनी मार्टिन ल्यूथरने हाच धागा पुन्हा उचलला आणि युरोप दुभंगला. बायबलात संत पॉलचं एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: कृपेने मिळालं असेल तर ते कर्माने मिळालेलं नाही, नाहीतर ती कृपा कसली? हे वाचलं तेव्हा मी तिशीत होतो, आणि पहिल्यांदा मला ते लाल शाईतले चार मार्क स्वच्छ दिसले. कमावलेले असते तर ते निळ्या शाईत असते.

आपल्याकडे हे भांडण झालंच नाही असं कुणी समजू नये. तमिळ मुलखातल्या श्रीवैष्णवांत यावरून दोन पंथ झाले, वडकलै आणि तेन्कलै. एकाचा मर्कटन्याय, दुसऱ्याचा मार्जारन्याय. माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला घट्ट धरून असतं; पकड त्याची, सुटली तर खाली. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला मानेला धरून उचलते आणि सात घरं फिरवते. भक्ताने देवाला धरायचं की देवाने भक्ताला उचलायचं? मला ही उपमा ऑगस्टिनच्या सगळ्या पोथ्यांपेक्षा जास्त पटते, कारण आमच्या माळ्यावर मांजरी व्यायच्या. बाबा निःसंशय माकडाच्या पक्षातले. मुदत मिळाली, आता धर घट्ट. आजी मांजराच्या पक्षातली. कुणी काही दिलं की म्हणायची, ‘दिल्यान ता घेवचा, मोजूचा नाय.’

इंग्रजांनी मात्र या शब्दाला देव्हाऱ्यातून उचललं आणि बाजारात, दरबारात, बँकेत, शाळेत, दिसेल तिथे कामाला लावलं. ड्यूक आणि आर्चबिशप यांना ‘युअर ग्रेस’. नाण्यावर राजाच्या नावामागे लॅटिनमधली ‘डी. जी.’ ही दोन अक्षरं, ‘देवाच्या कृपेने’ या अर्थाची. आज राजा चार्ल्सच्या नाण्यावरही आहेत. १८४९ साली व्हिक्टोरियाच्या दोन शिलिंगांच्या नव्या नाण्यावर ही दोन अक्षरं घालायची राहिली, तर लोकांनी त्याला ‘निर्देव फ्लोरिन’ असं नाव पाडलं. टांकसाळीचा प्रमुख कॅथलिक होता, त्याने मुद्दाम केलं असा संशयही घेतला. दोन वर्षांत नाणं बदलून अक्षरं परत आली. आजीच्या पानाच्या डब्यात एक राणीछाप रुपया होता. मी भिंग लावून पाहिलंय, त्यावर ही अक्षरं नाहीत. नुसतं व्हिक्टोरियाचं नाव आणि पुढे महाराणी किंवा सम्राज्ञी, एवढंच या देशातल्या रुपयांवर असायचं. गंमत म्हणजे १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं तेव्हा जो जाहीरनामा वाचला गेला त्याची सुरुवात ‘देवाच्या कृपेने’ अशीच होती. म्हणजे कागदावर कृपा भरपूर, रोकड्यात नाही. (हा अनुभव आपल्याला नंतरही बऱ्याच सरकारांकडून आला.)

व्यापाऱ्यांचीही ग्रेस होती. हुंडीची मुदत संपली की देणेकऱ्याला आणखी तीन दिवस मिळायचे, ‘डेज ऑफ ग्रेस’. आधी ती सावकाराची मर्जी होती, मग रिवाज झाला, मग कायदा. आपल्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये ते तीन दिवस आजही आहेत. इंग्लंडने १९७१ साली काढून टाकले. ज्यांनी आपल्याला कृपेचे तीन दिवस शिकवले त्यांच्याकडेच आता ते शिल्लक नाहीत, हे सांगितल्यावर बाबा मनापासून हसले होते.

शाळेतल्या ग्रेसचाही वंश जुना आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये पदवीची एखादी अट पुरी नसली तर विद्यापीठ सूट द्यायचं, त्या सुटीला ग्रेस म्हणत. केंब्रिजमध्ये विद्यापीठाच्या सभेपुढे येणाऱ्या ठरावालाही अजून ग्रेसच म्हणतात. माझे चार मार्क तसे खानदानी निघाले.

पण एकदा का कृपा नियमात बसली की तिचा हक्क होतो, आणि हक्क झाला की तिच्यासाठी मोर्चा निघतो. ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे कायद्याने देणं लागत नसताना केवळ मर्जीने दिलेली रक्कम. आपल्या सरकारी मराठीने त्याला काय सुरेख शब्द दिलाय: सानुग्रह अनुदान. अनुग्रह! जो गुरूकडून घेतात, जो तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात मिळाला, तोच अनुग्रह दिवाळीच्या तोंडावर मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा होतो. तो किती हजार असावा यावर वाटाघाटी होतात, आणि कमी पडला तर संपाचा इशारा. अनुग्रह मिळालाच पाहिजे! भाषांतर करणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला माझा दंडवत. ग्रॅच्युइटीचं तसंच. मूळ अर्थ खुशीने दिलेली बक्षिसी. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने ती पाच वर्षं सलग नोकरी केलेल्याचा हक्क झाली, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने. ते योग्यच झालं. मालकाच्या मर्जीवर म्हातारपण काढायला लावणं ही कृपा नव्हे. सगळ्या गोष्टी कृपेवर सोडायच्या नसतात, हे धर्माचार्यांपेक्षा कामगार चळवळीला जास्त लवकर कळलं.

आणि कृपा मिळाल्याने माणूस लगेच सुधारतो असंही नाही. इंग्रजी बोलणाऱ्या जगात कृपेचं सगळ्यात गाजलेलं स्तोत्र, ‘अमेझिंग ग्रेस’, लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलामांची जहाजं हाकणारा खलाशी होता. १७४८ साली भर समुद्रात वादळात सापडला, देवाला हाक मारली, वाचला. पुढे तो पाद्री झाला आणि स्तोत्रं लिहू लागला, ही गोष्ट सगळे सांगतात. मधला भाग सांगत नाहीत. वादळातून वाचल्यावरही तो गुलामांच्याच व्यापारात राहिला, उलट कप्तान झाला, आणि १७५४ साली आजारपणामुळे थांबला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ साली. चाळीस वर्षं. बाबांच्या भाषेत, हप्ता भरायला फारच उशीर केला. त्याच्या जहाजाच्या पोटात साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना कुणी ग्रेस पिरियड दिला नव्हता.

ख्रिस्ती मराठीने ग्रेसला ‘कृपा’ हा शब्द दिला आणि तो रुळला. पण मला वाटतं, रोजच्या वापरात ग्रेसच्या सगळ्यात जवळ जातो तो आपला ‘प्रसाद’. मूळ धातू बसणं, निवळणं या अर्थाचा. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा तसं मन निवळलं की प्रसन्न, आणि त्या निवळण्याचं नाव प्रसाद. गीतेत दुसऱ्या अध्यायात तो याच अर्थाने येतो. देव प्रसन्न झाला की देतो तोही प्रसाद. काव्यातला सहज समजण्याचा गुण, प्रसादगुण. ज्ञानेश्वरांनी शेवटी मागितलं ते पसायदान, त्यातला पसाय म्हणजे प्रसादच. इंग्रजीत देखणेपण, मर्जी आणि जेवणाची प्रार्थना एका शब्दात आली, आपल्याकडे स्वच्छपणा, मर्जी आणि थेट जेवणच आलं. शिऱ्याचा द्रोण हातात पडतो तेव्हा कुणी विचारत नाही की तुझी किती टक्के पूजा झाली होती. पूजेच्या वेळी बाहेर उभं राहून फोनवर बोलणाऱ्यालाही तेवढाच मिळतो; थोडा जास्तच, कारण तो दाराशी असतो.

आमच्या तळकोकणात आणि गोव्यात तर प्रसाद विचारताही येतो. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नाही. याला कुठे कौल म्हणतात, कुठे प्रसाद. दहावीला मी बसावं की वर्ष गाळावं हे आजीने असंच विचारून घेतलं होतं. पाकळी तासभर पडलीच नाही. शेवटी पंख्याच्या वाऱ्याने पडली असं मी म्हटलं, तेव्हा आजी म्हणाली, ‘मगे पंखो कोणी लावल्यान?’

याच शब्दाला दुसरं टोकही आहे. ‘काल घरी चांगलाच प्रसाद मिळाला’ असं पोरगं म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ शिरा नसतो. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला ‘कू द ग्रास’ असाच, कृपेचा घाव. तडफडणाऱ्याला सोडवण्यासाठी घातलेला शेवटचा वार. दोन लांबच्या भाषांना मारात कृपा दिसावी याचं मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे शाळामास्तर होतेच.

मराठी बोलण्यात आज ग्रेस आहे ती वेगळीच. ‘वय झालं तरी काय ग्रेसफुल दिसतात!’ हे सत्तरीतल्या नट्यांबद्दल म्हणतात. तिथे डौल म्हटलं तर बैलाचा वाटतो, लावण्य म्हटलं तर लावणीतलं. मग ग्रेस बरी. आणि आपल्याकडे एक ग्रेस कवितेत होऊन गेले. नागपूरच्या माणिक गोडघाट्यांनी हे नाव घेतलं ते इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटावरून, असं सांगतात. दुर्बोध म्हणून त्यांच्यावर टीका झाली. प्रसादगुण नाही अशी तक्रार ज्याच्याबद्दल व्हावी त्याचं नाव ग्रेस, हा योग मला फार आवडतो. त्यांच्या कवितेत न कळताही काहीतरी मिळतं, आणि ते मिळवण्यासाठी आपण काही केलेलं नसतं.

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. घर आवरताना ते प्रगतिपुस्तक सापडलं. निळी शाई उडून गेली होती. लाल जशीच्या तशी.

त्याच मुक्कामात मोती तलावाच्या काठावर गणिताचे सर भेटले. काठी आली होती, आवाज तोच. मी वाकून नमस्कार केला आणि सांगून टाकलं की तुम्ही मला नववीत चार मार्क वर दिले होते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला मी गणितात बरा होतो असंच माहीत आहे. सरांनी डोळे बारीक केले. ‘चार? तुला? आठवत नाही रे. बऱ्याच जणांना दिले असतील.’ मग कठड्यावर टेकले आणि बाबांची चौकशी केली. गेले म्हणताच गप्प झाले.

‘तुझ्या वडिलांनी मला एकदा वाचवलं होतं,’ ते म्हणाले. ‘माझी पॉलिसी लॅप्स व्हायची होती. ग्रेसचेही दिवस संपत आले होते. माझ्याकडे पैसे नव्हते, पगार तीन महिने अडकलेला. मला न विचारता त्यांनी खिशातून हप्ता भरला आणि पावती शाळेत आणून दिली. म्हणाले, जमेल तेव्हा द्या.’

‘मग दिलेत?’ मी विचारलं.

‘पैसे हळूहळू दिले,’ सर म्हणाले, आणि तलावाकडे बघत राहिले.

हे कोणत्या साली झालं, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची नात त्यांना न्यायला आली. मी त्यांना स्कूटरवर बसायला हात दिला आणि काठी तिच्या पायापाशी नीट ठेवली.